माती उचलली, पण ठेवायची कुठं?

मागच्या अंकात या पानावर अर्धायुष्याचा (किरणोत्सारी पदार्थ निम्मा व्हायला किती वेळ लागतो त्याचा) प्रश्न घेतला होता, त्यात जाता जाता फुकुशिमाचं नाव निघालं आणि तेवढ्यावरून इतकी पत्रं आणि मेसेज आले की या वेळी बाकीचे सगळे विषय बाजूला ठेवलेत. मला खरंच बरं वाटलं. तीस वर्षं अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवलं, अणुभट्टी म्हटलं की पोरं आकृती काढायची, नावं द्यायची, पाच मार्क घ्यायची आणि पुढच्या धड्याला लागायची. अपघात झाल्यावर त्या जागेचं, मातीचं, माणसांचं पुढं काय होतं हे पुस्तकात कधी नव्हतंच. ते आता तुम्ही विचारलंय, आपापल्या धंद्यातून आणि घरातून.

ज्यांना ते दिवस नीट आठवत नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ११ मार्च २०११ ला दुपारी जपानच्या ईशान्य किनाऱ्यासमोर समुद्रात ९ तीव्रतेचा भूकंप झाला. फुकुशिमा दाईइची केंद्रातल्या चालू भट्ट्या आपोआप बंद झाल्या, ते सगळं ठरल्यासारखं झालं, पण बंद केलेली भट्टीसुद्धा आतून तापत राहते, तिला थंड ठेवायला सतत पाणी फिरवावं लागतं आणि पंपाला वीज लागते. बाहेरची लाईन भूकंपातच गेली होती, जनरेटर चालू झाले होते, आणि तासाभराच्या आत १४-१५ मीटरची लाट आली आणि जनरेटर बुडाले. मग १, २ आणि ३ नंबरच्या भट्टीतलं इंधन वितळलं, हायड्रोजनचे स्फोट झाले, किरणोत्सारी धूळ हवेत गेली आणि दीड लाखावर लोकांना घरं सोडावी लागली.

प्रश्न : सर, मी अक्कलकोट रोडला डाईंगमध्ये कामाला आहे, वीस वर्षं सूत रंगवतो. टीव्हीवर दाखवलं की तिथली लोकं छपरं पुसत होती, रस्ते धुवत होती. ते धुऊन जातं का? आणि जातं तर कुठं जातं?

भाऊ, तुमच्या दुसऱ्या वाक्यातच सगळं आलं. कुठं जातं? लडी हौदात धुतली की सुटलेला रंग नाहीसा होत नाही, तो पाण्यात येतो, पाणी नालीत जातं, नाली कुठं जाते ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. किरणोत्साराचंही तसंच, फक्त फरक एवढा की रंगाला तुम्ही ब्लीच टाकून मारू शकता, त्याचा रेणू मोडतो आणि रंग जातो. तिथल्या धुळीत मुख्यतः सीझियम नावाचा किरणोत्सारी पदार्थ होता, त्याचा अणू असा कशानंही मरत नाही. ॲसिड टाका, जाळा, उकळा, तो तसाच राहतो, कारण किरणं सुटतात ती अणूच्या गाभ्यातून आणि तिथपर्यंत आपल्या चुलीची किंवा बॉयलरची पोचच नाही. म्हणून तिथल्या लोकांनी जी सफाई केली ती म्हणजे उचलणं आणि दुसरीकडं नेऊन ठेवणं. मी तरी तिला सफाई म्हणत नाही, हलवाहलव म्हणतो, आणि हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं समजतं.

सुरुवातीला जोराच्या पाण्यानं छपरं आणि रस्ते धुतले, तेव्हा लक्षात आलं की छपरावरचं पन्हाळीत येतंय आणि पन्हाळीतलं अंगणात, किरणोत्सार मोजायचा मीटर छपरावर कमी दाखवायचा आणि पन्हाळीच्या तोंडाशी जास्त. मग पुसून घेणं, धुतलेलं पाणी गोळा करणं, गटारातला गाळ काढणं, झाडाखालचा पालापाचोळा उचलणं, असं चालू झालं. शाळेची मैदानं खरवडली. घरापासून साधारण २० मीटरपर्यंतचा जंगलाचा पट्टा साफ केला आणि त्याच्या पलीकडचे डोंगर बहुतेक तसेच सोडले. जंगल धुणार तरी कसं.

आणि तुमच्या कामातलं अजून एक आहे यात. तुम्ही पक्का रंग म्हणता तो धाग्याला धरून बसतो ना, तसं सीझियम चिकणमातीला धरून बसतं. मातीच्या कणांचे थर असतात, पोळीला पदर असतात तसे, त्या पदरांत ते अडकतं आणि पाण्यानंही सहज सुटत नाही. ही एका अर्थी चांगली गोष्ट झाली, कारण ते खोल विहिरीपर्यंत झिरपलं नाही, वरच्या पाच सेंटिमीटरमध्येच बहुतेक राहिलं. पण त्यामुळंच ती वरची माती काढावी लागली, दुसरा इलाज नव्हता.

प्रश्न : नमस्कार मास्तर. मंगळवेढ्याकडं आमची काळी रान आहे, ज्वारी करतो. तुम्ही म्हणता दोन इंच माती काढली. ती काढल्यावर रानात राहतंय काय? आणि काढलेली माती टाकली कुठं?

काका, हे पत्र वाचून मी बराच वेळ गप्प बसलो. आपल्याकडं तलावातला गाळ ट्रॅक्टरनं विकत आणून आपण रानात पसरतो, अन् तिथं उलटं, बापजाद्यांनी शेण-पाचोळा घालून केलेला वरचा थर मशीननं खरवडून काळ्या पिशवीत भरला.

हिशोब तुमच्या मापात करून बघा. एक एकरावरची पाच सेंटिमीटर माती म्हणजे सुमारे ७० ब्रास होते (ब्रास म्हणजे शंभर घनफूट). एका एकराची! सगळ्या फुकुशिमा जिल्ह्यातून (तिकडं त्याला प्रीफेक्चर म्हणतात, आकारानं मोठं असतं) अशी गोळा झालेली माती आणि कचरा जवळजवळ १ कोटी ४० लाख घनमीटर, म्हणजे साधारण ५० लाख ब्रास. दोन ब्रासचा डंपर धरला तर २५ लाख खेपा. काळ्या पिशव्या एकेक घनमीटरच्या, भातखाचरांत, शाळांच्या मागं, रस्त्याच्या कडेला थप्प्या लावून कित्येक वर्षं पडून होत्या, काहींतून गवत वर आलं होतं. नंतर ओकुमा आणि फुताबा या गावांच्या शिवारात, केंद्राच्या भोवतीच, १,६०० हेक्टर जागा घेऊन तिथं ती साठवली. चार हजार एकर झाली ती. तीही कुणाची तरी शेतंच होती, घरं होती, मसणवटे होते, ज्यांचं सगळ्यात जास्त गेलं त्यांच्याच जमिनीवर बाकीच्यांची माती आली.

सरकारनं कायद्यानं शब्द दिलाय की मार्च २०४५ पर्यंत ही माती फुकुशिमाच्या बाहेर नेऊ. नेणार कुठं हे ठरलेलं नाही. जपानचं दुसरं कुठलंच गाव सहजासहजी हो म्हणत नाही. त्यातली जवळजवळ पाऊण हिस्सा माती किलोला ८,००० बेकरेलच्या खाली आलीय (बेकरेल म्हणजे सेकंदाला एक अणू फुटला), ती रस्त्याच्या भरावाला वापरावी, वरून चांगल्या मातीचा थर द्यावा असं सरकार म्हणतं. लोकांचा विश्वास बसावा म्हणून जुलै २०२५ मध्ये थोडी माती तोक्योत पंतप्रधानांच्या ऑफिसच्या बागेत घातली. चांगलं केलं असं माझं मत, पण बागेत घातली दोनच घनमीटर, अजून शिल्लक केवढी ते तुम्हाला ब्रासमध्ये सांगितलंच आहे.

आता रानात काय राहतंय. काढलेल्या मातीच्या जागी डोंगरातली वाळूमिश्रित माती आणून टाकली, आपल्या मुरमाच्या जातीची. त्यात दगड निघायचे, कस नव्हता, पहिली काही पिकं बेतानंच आली. पण तिथल्या शेतकऱ्यांनी आणि शेतीतज्ज्ञांनी एक गोष्ट फार शहाणपणाची केली, पोटॅश जास्त घातलं. सीझियम आणि पोटॅशियम हे एका घरातले, झाडाच्या मुळाला दोघांतला फरक नीट कळत नाही, मातीत पोटॅश कमी असला की मूळ सीझियम ओढतं, पोटॅश भरपूर असला की त्याचंच पोट भरतं. एवढ्या साध्या खतानं भातात येणारं सीझियम एकदम खाली आलं.

आणि मग २०१२ पासून त्यांनी जिल्ह्यातल्या भाताची प्रत्येक पिशवी तपासली. नमुना काढून नाही हं, प्रत्येक. ३० किलोची पिशवी पट्ट्यावरून मशीनखालून जायची, काही सेकंद थांबायची, पास झाली की तिच्यावर नंबराचं स्टिकर. वर्षाला एक कोटीच्या वर पिशव्या. मर्यादा किलोला १०० बेकरेल, ही बऱ्याच देशांपेक्षा कडक आहे. २०१५ च्या पिकापासून एकही पिशवी मर्यादेच्या वर गेली नाही, तरी पुढं पाच वर्षं सगळ्या तपासत राहिले. आणि तरीही फुकुशिमाचा तांदूळ कितीतरी दिवस पडत्या भावानं गेला. काका, माल चांगला असून नावामुळं भाव पडणं म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको.

अर्धायुष्याचंही तुम्ही खाली विचारलंय. घरी चिंचोके असतील तर मधून फोडून शंभर फाका घ्या, सारीपाटाला घेतो तशा. फेका. पांढरी बाजू वर आली त्या बाजूला काढा, साधारण पन्नास राहतील. पुन्हा फेका, पंचवीसच्या आसपास. पुन्हा, बाराएक. कुठली फाक कधी जाईल सांगता येत नाही पण निम्म्या जाणार हे नक्की. मी वर्गात असंच शिकवायचो, पोरं जमिनीवर बसून फेकायची. तिथल्या मातीत दोन प्रकारचं सीझियम पडलं, एकाची फेक दोन वर्षांची आणि दुसऱ्याची तीस वर्षांची. दोन वर्षांचं होतं ते दहा वर्षांत पाच फेकी होऊन जवळजवळ संपलं, म्हणून पहिल्या काही वर्षांत मीटर भराभर खाली आले. आता राहिलंय ते तीस वर्षांवालं. त्याची पहिली फेक २०४१ ला पूर्ण होईल.

प्रश्न : सर मी डिप्लोमा मेकॅनिकलला आहे. भट्टीच्या आतलं वितळलेलं इंधन अजून का काढलं नाही? रोबोट आहेत ना जपानकडं?

बाळा, रोबोट आहेत, आणि बरेचसे आतच मेलेत. तिथं किरणोत्सार इतका की माणूस जाणं सोडाच, कॅमेऱ्याचे चिप आणि वायरींची इन्सुलेशनं खराब होतात. सुरुवातीचे कित्येक रोबोट ढिगाऱ्यात अडकले, केबल गुंतल्या, काही तसेच सोडून द्यावे लागले.

तिन्ही भट्ट्यांत मिळून वितळून थिजलेला जो माल आहे, इंधन, त्याच्या नळ्या, लोखंड, काँक्रीट सगळं एकमेकांत मिसळलेलं, तो सुमारे ८८० टन असावा असा अंदाज आहे. आणि अपघातानंतर साडेतेरा वर्षांनी, नोव्हेंबर २०२४ मध्ये, २ नंबरच्या भट्टीतून पहिल्यांदा त्याचा एक तुकडा बाहेर आला. वजन किती माहितीये? पाऊण ग्रॅमला थोडं कमी. तुरीच्या डाळीच्या दाण्याएवढा. एकातून एक सरकत जाणारी, टेलिस्कोपसारखी २२ मीटर लांबीची नळी आणि टोकाला चिमटा. ऑगस्टमध्ये पहिला प्रयत्न करायला गेले तर नळ्या जोडायचा क्रम चुकलेला, काम थांबवलं. मग कॅमेरा बंद पडला, पुन्हा थांबवलं. मग जमलं. २०२५ च्या एप्रिलमध्ये अजून एक त्याहून छोटा तुकडा काढला.

तू मेकॅनिकलचा, म्हणून तुला सांगतो, क्रम चुकला ही बातमी वाचून हसू नकोस. ती माणसं किरणोत्सारात, मास्क आणि जाड सूट घालून, घड्याळ बघून काम करत असतात, थोडा वेळ झाला की बाहेर. जड नळ्या ओढायच्या, बोलणं नीट ऐकू येत नाही, घाई असते. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये वेल्डिंगचं हेल्मेट घालून उभं राहून बघ, थोडी कल्पना येईल.

आता दुसरी बाजूही बघ. अमेरिकेत थ्री माईल आयलंडला २८ मार्च १९७९ ला भट्टीतलं जवळपास निम्मं इंधन वितळलं होतं, पण ते जाड पोलादी भांड्याच्या आतच राहिलं. तरी इंधन काढायला सुरुवात करायला सहा वर्षं लागली आणि सगळी सफाई संपायला १९९३ उजाडलं. फुकुशिमात माल भांडं फोडून खाली काँक्रीटपर्यंत गेलाय आणि भट्ट्या तीन आहेत. चाळीस वर्षांत, म्हणजे २०५१ पर्यंत सगळं उरकू असं तिथली कंपनी आणि सरकार म्हणतं, आणि आता तेच म्हणतायत की ३ नंबरमधून मोठ्या प्रमाणात काढायचं काम २०३७ च्या आधी सुरू होणार नाही. मला २०५१ चा आकडा पटत नाही. तुझ्या वयाची पोरं रिटायर होतील तेव्हाही तिथं काम चालू असेल.

जे जमलं तेही सांगायला पाहिजे. ४ नंबरच्या इमारतीचं स्फोटात छप्पर उडालं होतं आणि वरच्या मजल्यावरच्या हौदात इंधनाचे १,५३५ जुडगे, बहुतेक वापरलेल्या इंधनाचे, पाण्यात होते, परत भूकंप झाला आणि हौद फुटला तर काय, या धास्तीत सगळे होते. ते २०१४ संपायच्या आत एकेक करून सुखरूप बाहेर काढले. असली कामं पेपरात चार ओळींत येतात कारण त्यात काही घडत नाही.

प्रश्न : जपाननं विषारी पाणी समुद्रात सोडलं, आता समुद्राचे मासे खाऊ नका असा मेसेज आमच्या भिशीच्या ग्रुपवर फिरतोय. खरं आहे का? (गृहिणी, जुळे सोलापूर)

ताई, पाणी सोडतायत हे खरं, २४ ऑगस्ट २०२३ पासून. बाकीचा मेसेज पुढं पाठवू नका.

हे पाणी आलं कुठून ते आधी. वितळलेला माल थंड ठेवायला अजूनही पाणी घालावं लागतं, शिवाय डोंगराकडून जमिनीतलं पाणी वाहत येतं ते तळघरात शिरतं. ते अडवायला त्यांनी इमारतींभोवती दीड किलोमीटर लांब, ३० मीटर खोल अशी गोठवलेल्या मातीची भिंत केली, नळ्यांतून थंड द्रव फिरवून जमीनच बर्फ करायची. तिनं पाणी कमी झालं, थांबलं नाही. साठवायला हजारभर टाक्या झाल्या, १३ लाख टन पाणी, जागा संपली. आपल्याकडं नळ चार-चार दिवसांनी येतो म्हणून टाक्या आणि बॅरल भरून ठेवतो आपण, अंगणात जागा राहत नाही, तिथं नको असलेल्या पाण्याची तीच गत झाली.

ते पाणी गाळणाऱ्या यंत्रणेतून काढलं की सीझियम, स्ट्रॉन्शियम वगैरे निघतात, एक ट्रिटियम राहतं. कारण ट्रिटियम हा हायड्रोजनचाच भाऊ, तो पाण्यात मिसळलेला नसतो, तो स्वतःच पाणी झालेला असतो, पाण्यातून पाणी गाळणार कसं? म्हणून समुद्राचं भरपूर पाणी घालून पातळ करतात, लिटरला १,५०० बेकरेलच्या खाली आणतात आणि एक किलोमीटरच्या बोगद्यातून आत समुद्रात सोडतात. जागतिक आरोग्य संघटनेनं पिण्याच्या पाण्यात ट्रिटियमची जी पातळी धरलीय ती लिटरला १०,००० आहे. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेनंही तपासून सांगितलं की माणसावर आणि पर्यावरणावर परिणाम नगण्य. आकड्यांच्या बाजूनं मला यात भीतीचं काही दिसत नाही. हे सोडणं तीस वर्षांच्या आसपास चालेल.

पण तिथले मच्छीमार चिडले ते आकड्यांवर नाही. २०१५ मध्ये त्यांना लेखी सांगितलं होतं की तुमची समजूत पटल्याशिवाय पाण्याचं काही करणार नाही. २०१८ मध्ये कळलं की गाळून झालं म्हणत होते त्या बहुतेक टाक्यांत ट्रिटियमशिवाय बाकीचेही पदार्थ मर्यादेच्या वर राहिलेत आणि परत गाळावं लागणार. आणि शेवटी त्यांचा विरोध असतानाच पाणी सोडलं. एकदा शब्द मोडला की नंतर खरं सांगितलेलंही खोटं वाटतं. चीननं जपानचे मासे बंद केले, भाव पडला तो यांचाच.

माशांचंही लपवत नाही. मे २०२३ मध्ये, म्हणजे पाणी सोडायच्या आधीच, केंद्राच्या बंदरातल्या एका माशात किलोला १८,००० बेकरेल सीझियम निघालं, मर्यादा १०० ची. ते २०११ च्या वेळचं बंदराच्या तळाच्या गाळात बसलेलं. त्या बंदरात मासेमारी होत नाही, मासे बाहेर जाऊ नयेत म्हणून जाळी लावलीयत. आणि तुमच्या ताटातला मासा, ताई, सोलापुरात बहुतेक वेळा उजनीचाच असतो. तो बिनघोर खा.

प्रश्न : घरात आयोडीनच्या गोळ्या ठेवाव्यात का?

नको. त्या गोळीनं फक्त एकच काम होतं, थायरॉईडची गाठ साध्या आयोडीननं आधीच भरून टाकायची म्हणजे किरणोत्सारी आयोडीनला आत जागा मिळत नाही. सीझियमवर तिचा काही उपयोग नाही. ती वेळेवर, प्रशासनानं सांगितल्यावरच घ्यायची असते. किरणोत्सारी आयोडीनचं अर्धायुष्य ८ दिवस, तीन महिन्यांत ते संपल्यात जमा, पण तेवढ्यात घात करून जातं. चेर्नोबिलच्या (सोव्हिएत युक्रेनमधल्या १९८६ च्या अणुभट्टीच्या अपघाताच्या) वेळी ते गवतावर पडलं, गाईनं गवत खाल्लं, दूध पोरांनी प्यालं, लोकांना वेळेवर सांगितलंच नाही, आणि पुढं त्या भागात लहानपणी ते दूध प्यालेल्यांत थायरॉईडच्या कॅन्सरचे ६ हजारांवर रुग्ण निघाले. जपाननं दूध आणि पालेभाज्या लगेच अडवल्या, तो फरक मोठा आहे.

किल्लारीच्या भूकंपानंतर, १९९३ ला, आपण सगळे कित्येक रात्री घराबाहेर झोपलो होतो, रोज कुणीतरी सांगायचं आज रात्री परत येणार म्हणून आणि बायामाणसं लेकरं उराशी धरून जागायची. आयोडीनच्या गोळ्यांचा मेसेज वाचला की मला ते आठवतं. २०११ ला चीनमध्ये लोकांनी मिठाच्या पुड्यांवर झुंबड केली होती, मिठात आयोडीन असतं म्हणून. त्या मिठानं काहीही होत नव्हतं.

प्रश्न : ही असली कामं करतं कोण? मी एस.टी.त ड्रायव्हर होतो, म्हणून विचारतो, लोकांना काढायला गाड्या तर लागल्या असतील. (निवृत्त, बार्शी)

दादा, हा प्रश्न दुसऱ्या कुणी विचारला नाही. चेर्नोबिलचा स्फोट २६ एप्रिल १९८६ च्या रात्री झाला, आणि शेजारच्या प्रिप्यात शहरातली ४९,००० माणसं दुसऱ्या दिवशी दुपारी सुमारे १,२०० बसमधून काढली. सांगितलं होतं, तीन दिवसांचं सामान घ्या. कुणीच परत राहायला आलं नाही. त्या बसच्या ड्रायव्हरांची नावं कुणी घेत नाही.

नंतरच्या सफाईला सोव्हिएत देशभरातून सुमारे ६ लाख माणसं आणली, सैनिक, खाणकामगार, ड्रायव्हर, काँक्रीटवाले. स्फोटात भट्टीतून उडून छपरावर पडलेला ग्रॅफाईट उचलायला यंत्रं पाठवली तर ती बंद पडली, मग माणसं पाठवली, अंगाला शिशाचे पत्रे बांधून. धावत जायचं, एखाददोन फावडी टाकायची, धावत यायचं, मिनिट-दीड मिनिटात त्यांच्या आयुष्याचा डोस पुरा. आग विझवायला गेलेल्यांपैकी आणि केंद्रातल्या कामगारांपैकी २८ जण पहिल्या काही महिन्यांतच किरणोत्सारानं गेले. तिथं जंगलही होतं, पाईनची झाडं करपून तांबडी झाली, ती पाडून तिथंच पुरली. वर जे पोलादी छत सरकवलं २०१६ मध्ये, १०८ मीटर उंच, ते शंभर वर्षं टिकावं म्हणून, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये युद्धात ड्रोन येऊन त्याला भोक पडलं. शंभर वर्षं तिथं शांतता राहील हे कुणी धरून चालायचं?

फुकुशिमात किरणोत्सारानं अशी लगेच माणसं गेली नाहीत. पण तिथंही कामगार बहुतेक ठेकेदाराचे, ठेकेदाराखाली ठेकेदार, हातात येईपर्यंत मजुरी कमी झालेली. डोसाची मर्यादा भरली की काम बंद, म्हणजे रोजी बंद. हे आपल्याकडच्या बिगारीला समजावून सांगावं लागणार नाही.

प्रश्न : आपल्याला धोका किती? तारापूर किती लांब?

नकाशावर सोलापूरपासून सरळ रेघ ओढली तर तारापूरचं अणुकेंद्र चारशे किलोमीटरच्या थोडं वर, आणि कर्नाटकातलं कैगाचं अणुकेंद्र त्याहून जवळ, साडेतीनशेच्या आसपास. फताटेवाडीचं केंद्र कोळशाचं आहे, त्याचा इथं संबंध नाही (हे तिघांनी विचारलंय). मला सोलापूरसाठी खरी काळजी वाटते ती भंगाराची. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरीत भंगारवाल्यांनी एका विद्यापीठाचं लिलावात काढलेलं जुनं यंत्र फोडलं, आत कोबाल्ट-६० होतं, एकाचा जीव गेला आणि बाकीच्यांना दवाखान्यात ठेवावं लागलं. तेव्हा आपल्या भंगारच्या धंद्यातल्या पोरांना एवढं सांगा, पिवळ्या पाटीवर तीन पाकळ्यांचा पंखा दिसला, किंवा आकाराच्या मानानं फार जड शिशाचं भांडं आलं, तर छिन्नी लावायची नाही. लांब व्हायचं, दुसऱ्यांना लांब ठेवायचं, पोलिसांना कळवायचं.

प्रश्न : आमचं गाव उजनीत गेलं, करमाळा तालुक्यात. मी लग्न होऊन आले आणि तीन वर्षांत गाव उठलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की भिंती दिसतात, आमच्या घराचा उंबरा कुठं होता ते मी अजून दाखवते. निघताना सासूबाईंनी तुळशीची माती फडक्यात बांधून आणली होती. त्या जपानच्या बायकांना परत जाता आलं का हो?

आजी, काहींना आलं. गावागावाचं वेगळं झालं. ओकुमाचा थोडा भाग २०१९ मध्ये उघडला, फुताबात राहायला परवानगी २०२२ च्या ऑगस्टमध्ये मिळाली, अकरा वर्षांनी. तोपर्यंत शाळेत होती ती पोरं नोकरीला लागली होती दुसऱ्या शहरात, परतले ते बरेचसे म्हातारे. वर्षाला २० मिलिसिव्हर्टच्या (माणसाच्या अंगाला लागणारा किरणोत्सार मोजायचं हे माप) खाली आलं की गाव उघडायचं असा सरकारचा नियम, सफाईचं ध्येय मात्र १ मिलिसिव्हर्टचं, मग लेकरं घेऊन जायचं का नाही यावरून घराघरांत वाद झाले, नवरा जाऊ म्हणायचा आणि बायको नको. मी त्या दोघांपैकी कुणालाच चूक म्हणू शकत नाही.

आणि एक सांगतो, फुकुशिमात लोक किरणोत्सारापेक्षा उठण्यानं जास्त गेले. एका हॉस्पिटलमधले अंथरुणाला खिळलेले पेशंट घाईत बसमध्ये घालून तासन् तास फिरवले, त्यात आणि त्यानंतर चाळीसहून जास्त गेले. पुढं शेडमधल्या घरांत, परक्या गावात, झुरून, औषधं चुकून, काहींनी जीव देऊन, असे त्या जिल्ह्यात २,३०० हून जास्त मृत्यू सरकारनं आपत्तीशी संबंधित म्हणून मान्य केलेत. तुमच्यातलेही म्हातारे उठल्यानंतर वर्ष-दोन वर्षांत गेले असतील, मला माहीत आहे, माझी आत्या त्याच पट्ट्यातली.

गाव बंद होतं तेव्हा लोकांना कधीतरी दोन तासांसाठी घरी जाऊ द्यायचे. पांढरा सूट, मास्क, बुटांवर प्लास्टिक, आणि हातात एक प्लास्टिकची पिशवी, तिच्यात मावेल तेवढंच आणायचं. बायकांनी फोटो आणले, बँकेचं पासबुक आणलं, देव्हाऱ्यातल्या पूर्वजांच्या नावाच्या लाकडी पाट्या आणल्या. परत निघताना प्रत्येक वस्तूला मीटर लावून बघायचे. तुमच्या सासूबाईंसारखी अंगणातली माती मात्र फडक्यात बांधून आणायची सोय नव्हती. ती नंतर मजुरांनी खरवडली आणि काळ्या पिशवीत भरली.